खोली तुमची, खिडकी माही

भाड्यानं घर घेताना माणूस काय काय बघतो? छप्पर गळतं का, विहिरीला पाणी आहे का, शेजार कसा आहे. मी हे सगळं बघितलं होतं. खिडकी कोणाची आहे, हे विचारायचं तेवढं राहून गेलं, आणि त्या एका चुकीपायी अमरावतीतले ते दिवस मी दातओठ खात काढले.

कापसाच्या तेजीची सालं होती ती. साता समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. ज्यांनी जन्मात कापसाचं बोंड पाहिलं नव्हतं असे लोक अमरावतीत येऊन भाव सांगू लागले. मी अकोल्याच्या एका अडत्याकडं लिहिण्याचं आणि रुई पारखण्याचं काम करायचो. शेटजींनी दसऱ्याला मला अमरावतीस धाडलं आणि चैत्रापर्यंत तिथंच राहा म्हणून सांगितलं. राहा म्हणणं सोपं होतं. परकोटाच्या आत, म्हणजे गावाच्या दगडी तटाच्या आत, त्या वर्षी गुरांचे गोठेसुद्धा भाड्यानं गेले होते. एक गुजराथी दलाल तर एका सोनाराच्या ओट्यावर पडदा बांधून राहत होता आणि वर आपण हवेशीर जागा पटकावली म्हणून मिरवत होता.

चार दिवस वणवण केल्यावर मला ही बाई भेटली. जातीची माळीण, विधवा, पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक. गावाबाहेर तिचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता आणि परकोटात, वेशीपासून हाकेच्या अंतरावर, चांगलं नीटनेटकं कौलारू घर. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. मी लिहिणारा माणूस आहे एवढं कळल्यावर तिनं मला मुनीम ठरवून टाकलं. मी मुनीम नाही हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल याची गणती नाही.

घर दाखवताना ती दारात उभी राहिली आणि बोट फिरवत सांगत गेली. ही खोली तुमची. मागची चूल तुमची. भिंतीला सात खुंट्या, त्यातल्या चार तुमच्या. हा कोनाडा माझ्या देवाचा, त्यात हात घालायचा नाही. परसातल्या विहिरीचं पाणी तुमचं, दोर माझा. लिंबाची सावली तुमची, लिंबं माझी. मी ऐकत होतो आणि मान हलवत होतो. चार दिवस उघड्यावर झोपलेला माणूस कशालाही मान हलवतो. शेवटी ती म्हणाली, "अन् पाह्य मुनीम, खोली तुमची, खिडकी माही." मला वाटलं, खिडकीची झडप वगैरे मोडू नका असं काही तरी ती सांगत असावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत ती टोपली घेऊन माझ्या अंथरुणावरून ओलांडून खिडकीत जाऊन बसली. ती खिडकी रस्त्यावर उघडायची आणि रस्ता देवळांकडं जायचा. वीस वर्षं त्या खिडकीत बसून ती फुलं विकत होती, आणि भाडेकरू ठेवला म्हणून दुकान उठवायचं तिला काही कारण दिसत नव्हतं. गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, हे कोण झोपलं? ती म्हणायची, भाडेकरू आहे, तू शेवंती घे. माझ्या डोक्यावर घासाघीस चालायची, झेंडूच्या पाकळ्या माझ्या कानात पडायच्या आणि मी पांघरूण ओढून शिव्या द्यायचो. त्या तिला ऐकू जायच्या. ती फक्त म्हणायची, अजून थोडा सरक.

खुंट्यांचं तर विचारू नका. मी एकदा चुकून पागोटं पाचव्या खुंटीला अडकवलं. संध्याकाळी येऊन बघतो तर पागोटं धान्याच्या कणगीवर नीट ठेवलेलं, आणि पाचव्या खुंटीवर काहीच नाही. तिला ती खुंटी वापरायची नव्हती, पण ती तिची होती. दोर मी शेवटी बाजारातून नवा आणला. तिनं तो विहिरीवर तिच्या दोराच्या बाजूला टांगू दिला नाही, कारण दोर टांगायची खुंटी तिनं दिली नव्हती. मग मी रोज सकाळी दोर खांद्यावर टाकून पाण्याला जायचो, आणि गल्लीतल्या बाया पदराआड हसायच्या.

आता खरं सांगायचं तर हा नियम ती स्वतःलाही लावायची, आणि त्याचाही मला वैताग यायचा. एकदा माझ्या बायकोचे तांदूळ निवडताना अंगणात सांडले. मावशीनं ते तास-दीड तास बसून एक एक दाणा टिपले आणि पदरात आणून दिले. राहू द्या म्हटलं तर म्हणे, तुमचे तांदूळ माझ्या अंगणात कशाला? दुसऱ्यांदा तर एका मोठ्या कापूसवाल्या साहेबाचा बटलर घोड्यावरून आला. साहेबाला वेशीजवळची जागा हवी होती आणि तो माझ्या भाड्याच्या कितीतरी पट द्यायला तयार होता. मी दारामागून कान दिला. मावशी त्याला म्हणाली, खोली दिलेली आहे. तो म्हणाला, काढून घ्या. ती म्हणाली, "देल्ली म्हंजे देल्ली." तो गेल्यावर मी आभार मानायला तोंड उघडलं, तर तिनं मला चूल सारवली नाही म्हणून झापलं.

माझ्या बायकोशी मात्र तिचं गूळपीठ जमलं. तिला आणली ती माझ्याच हट्टानं. खानावळीचं जेवण मला सोसेना, म्हणून दसऱ्यानंतर पंधरा-वीस दिवसांत मी तिला अकोल्याहून बोलावून घेतलं. तेव्हा तिला पाचवा महिना होता, पहिलटकरीण होती, आणि भाडं ठरवताना मी ते मावशीला सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं? सातव्यात ती माहेरी अकोल्याला जाणार, बाळंतपण तिथं होणार, असा सरळ हिशेब होता. बायको छकड्यातून उतरली, पदर सावरला, आणि मावशीनं एकदाच तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "खोली राहाले देल्ली हाये. बाळंतपणाले नाई."

तिच्या या बोलण्यामागं कारण होतं आणि ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. वेशीपाशी देवीचं एक लहान देऊळ आहे. मोठ्या अंबादेवीचं नव्हे, हे आपलं वेशीवरच्या देवीचं. त्या देवीला रोज पहाटेचा पहिला हार द्यायचा मान मावशीच्या घराकडं होता. तिची थोरली जाऊ मागच्या गल्लीत राहायची, तिचाही मळा होता, आणि मान आपला आहे असं तिचं म्हणणं. नवरे होते तेव्हाच भाऊकीनं बसून निवाडा दिला होता की हार धाकट्या घरचा, पण ज्या दिवशी तो चुकेल त्या दिवशी मान थोरल्या घरी जाईल. मावशीचा नवरा वारला तेव्हा सुतक दोन्ही घरांना होतं, म्हणून बरोबरी झाली. तेवढं सोडलं तर तिनं एक पहाट चुकवली नव्हती. तापानं फणफणलेली असतानासुद्धा भिंतीला धरून देवळापर्यंत गेलेली लोकांनी पाहिली होती. आता घरात बाळंतपण झालं म्हणजे दहा दिवसांचं सुयेर, जन्माचा विटाळ, आलं, आणि सुयेराच्या घरातलं फूल देवीला चालत नाही. आम्ही तिच्या नात्याचे ना गोत्याचे, आमचं सुयेर तिला कसं लागेल, असा शास्त्रार्थ मी एकदा केला. ती म्हणाली, उंबरा एकच आहे. मी म्हटलं, खोली तर आमची आहे ना? ती म्हणाली, खोली तुमची, उंबरा माझा. मी हात जोडले.

सातवा लागला आणि मी गाडी शोधायला निघालो. सबंध अमरावतीत गाडी नाही. जे जे दोन चाकांवर चालत होतं त्यावर रुई लादलेली. आगगाडी तेव्हा इतक्या आत आली नव्हती, सगळा कापूस बैलांच्या जिवावर जायचा. गाडीवानांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या आणि मालकांच्या डोक्यात हवा गेली होती. एका गाडीवानाला मी दुप्पट-तिप्पट देतो म्हटलं, तर तो बिडी पेटवत म्हणाला की कापसाची गाठ रस्त्यानं कण्हत नाही, मधेच उतरवा म्हणत नाही, बाईमाणसाची जोखीम कोण घेतो? मी सासऱ्यांना निरोप पाठवला. सासऱ्यांची स्वतःची गाडी होती, बैलजोडी होती. उत्तर आलं की एवढी एक खेप खामगावला टाकून येतो. मग आलं की आणखी एक खेप. पोटच्या पोरीला न्यायला यायचं तर हा माणूस कापूस ओढत बसला होता. आजही आठवलं की माझं डोकं भणाणतं.

आठवा सरला. मावशी रोज संध्याकाळी मी दारात पाय ठेवला की विचारायची, "गाडी भेटली?" दुसरा शब्द नाही. मी नाही म्हणायचो आणि ती हूं म्हणून निघून जायची. त्यातच ती दुपारची गायब होऊ लागली. चार वाजता परत यायची ती हातापायाला चिखल आणि शेण माखलेली. काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणे, मळ्यात काम आहे. मला वाटलं, दुसरा भाडेकरू बघितलेला दिसतो, त्याच्यासाठी मळ्यातली खोपी लिंपते आहे. आमचा जीव टांगणीला लागला होता आणि ही बाई भाड्याच्या मागं लागली आहे, असं मी बायकोला बोलूनही दाखवलं. बायको म्हणाली, तुम्ही उगाच तिच्या वाईटावर असता. बायकोच्या पायांवर सूज आली होती. तिला घेऊन कुठं जायचं ते मला कळत नव्हतं, आणि माझ्या जेवणाच्या चोचल्यांपायी तिला आपण इथं आणलं हे मनातून जात नव्हतं.

माघातली गोष्ट. भर दुपारी अडतीवर एक बाई सांगत आली की तुमचं सामान रस्त्यावर आहे. मी तसाच धावलो. खरंच ओट्यावर आमची वळकटी, भांडी, पेटी, माझं पागोटं. आणि बाजेवर, आमच्याच बाजेवर, ओट्याच्या कडेला माझी बायको पडलेली, घामानं थबथबलेली, ओठ दाताखाली धरलेली. कळा सुरू झाल्या होत्या. मावशी कमरेवर हात देऊन उभी होती. मी तिला काय नाही ते बोललो. माणूस आहेस का म्हटलं, देवी तुझं फूल घेणार नाही म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? आता चार हमाल आण अन् बाज उचल. मळ्यात खोपी लिपून ठेवली हाये."

महिनाभर ती बाळंतिणीची खोली तयार करत होती. आत शेगडी, गोवऱ्या, जुनी मऊ लुगडी, ओवा, डिंक, सगळं. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर महिनाभर मला झोप तरी लागली असती. वाटेत मी तिला तसं विचारलंही, बाजेचा एक पाय धरून धापा टाकत. ती म्हणाली, "तू इचारलंस कुठी? तू गाडी शोधून राहिला होता." अशा बाईचं काय करायचं सांगा.

सुईणीला तिनं सकाळीच निरोप धाडला होता. खोपीपाशी पोचलो तर निरोप परत आलेला, सुईण बडनेऱ्याला दुसऱ्या बाळंतिणीकडं गेली होती, दिवस मावळल्याशिवाय येत नव्हती. आता दुसरी बाई बघायची तर गल्लीच्या गल्ली ओस. कापसाची शेवटची वेचणी चालली होती आणि त्या वर्षी वेचणीला अशी मजुरी मिळत होती की म्हाताऱ्या कोताऱ्यासुद्धा पाटी घेऊन रानात गेल्या होत्या. मळ्याच्या चहूबाजूंना माणूस दिसेना. हमाल बाज ठेवून गेले. खोपीत माझी बायको, बाहेर मी, आणि माझ्यापासून दहा हातांवर, वांग्याच्या वाफ्यापाशी, मावशी.

ती तिथूनच सांगत होती. पाणी तापव. पाठीला लुगड्याची गुंडाळी दे. तिला म्हणावं ओरड, दाबून ठेवू नको. मी आतबाहेर पळत होतो आणि मला काही येत नव्हतं. मग बायकोचा आवाज बदलला. ओरडणं थांबलं आणि नुसतं हुंकारणं ऐकू येऊ लागलं. मी बाहेर आलो आणि मावशीसमोर उभा राहिलो. काय मागतो आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. तिनं आत जाऊन बाळंतिणीला हात लावला की दहा दिवस तिच्या हातचं फूल देवीला चालणार नव्हतं, आणि मागच्या गल्लीत तिची जाऊ त्याच एका दिवसाची कित्येक वर्षं वाट बघत बसली होती.

मावशी म्हणाली, "मी आत गेली तं उद्याचा हार गेला, मुनीम."

मी म्हटलं, "ठाऊक हाये, मावशी."

मग तिनं चोळीची बाही वर सरकवली, कासोटा घट्ट केला, मला बाजूला ढकललं आणि आत गेली. पोर आडवं आलं होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. आतून तिचा आवाज येत होता, माझ्या बायकोला ती पहाटेच्या गिऱ्हाइकांसारखी दटावत होती. ऊन कलताना पोरीचा आवाज आला. मावशी दारात आली तेव्हा कोपरापर्यंत रक्तानं भरलेली होती. पोट्टी झाली म्हणाली, दोघी धड आहेत, आणि तू इथं उभा राहून काय करतो आहेस, गोवऱ्या आण.

त्या दहा दिवसांत तिनं हाराचं नाव काढलं नाही. ती आमच्याबरोबर खोपीतच राहिली. माझ्या बायकोला शेक दिला, पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, आणि मला सकाळ-संध्याकाळ शिव्या घातल्या. गोवऱ्या ओल्या आणतोस, पाणी कमी तापवतोस, पोरीकडं असा काय बघतोस. मी पुन्हा वैतागलो. मी तिचे पाय धरायला तयार होतो आणि ती मला पायांजवळ येऊ देत नव्हती.

अकराव्या दिवशी पहाटे तिनं मळ्यातल्या विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केली, शेवंती तोडली आणि हार गुंफला. मोठा, दाट हार. माझंही सुयेर फिटलं होतं, मी टोपली घेऊन तिच्यामागं निघालो. देवळात आम्ही पोचलो तर देवीच्या गळ्यात हार होता. बाजूला तिची थोरली जाऊ उभी होती, पदर खोचून, भांडणाच्या तयारीनं. गुरव जमिनीकडं बघत होता. तो चाचरत म्हणाला की मावशी, दहा दिवस यांनीच दिला, आता भाऊकीचा निवाडा तुम्हाला ठाऊकच आहे.

मी पेटलो. पुढं होऊन म्हणालो की हे चालायचं नाही, एका बाईचा जीव वाचवायला ती गेली होती, मी आत्ताच्या आत्ता अर्ज लिहितो, पंच बसवतो, साऱ्या गल्लीची साक्ष काढतो. मला वाटलं, माझं पागोटं जिला पाचव्या खुंटीवर खपलं नाही ती आता मला लाजवील अशी भांडेल. जाऊबाईलाही तेच वाटलं असावं, ती दोन पावलं मागं सरकली.

मावशी देवीकडं बघत होती. मग मला म्हणाली, "दहा दिवस तिनं देल्लं ना? मंग तिचंच व्हय थे." आणि जावेला म्हणाली की शेवंतीचा हार खाली जड करत जा, वाऱ्यानं फिरतो. गुरव म्हणाला, हा हार तरी द्या, पायाशी ठेवतो. तिनं मान हलवली. देवीला पहिला हार एकच असतो म्हणाली, दुसऱ्याला जागा नसते. हार तिनं माझ्या टोपलीत टाकला, पोरीच्या पाळण्याला बांध म्हणून सांगितलं, नमस्कार केला आणि बाहेर पडली.

वेशीतून मळ्याकडं जाताना मी तिच्यामागून चालत होतो. शेवटी न राहवून मी म्हटलं, "मावशी, तुमी त्या दिवशी आत गेल्या नसत्या तं आज मान तुमच्याकडंच राह्यला असता."

ती थांबली नाही. "होय ना," म्हणाली, "अन् त्या दोघीयी मेल्या असत्या. चाल लवकर, पोट्टी भुकेली असन."